पाचव्या उसाशावरचा खडा

दिवा जरा मोठा करा. आन् मधीच 'मंग पुढं काय झालं' म्हनून कुनी इचारायचं न्हाई. इचारलं की माझं डोस्कं फिरतं. मी सांगतो तसं ऐका, न्हाईतर उठून घरी जा.

ही गोष्ट माधवराव पेशव्यांच्या अमलातली. तवा पुन्याला पानी कात्रजवरनं यायचं. डोंगराच्या पायथ्याला तळी, आन् तितनं जमिनीखालनं दगडात बांधलेलं भुयार, पार शनवारवाड्यापातूर. त्या भुयाराला नळ म्हनायचे. नळ म्हनलं तर मनगटाएवढा समजू नगा. मानूस वाकून आतनं चालत जाईल येवढा. वाटंनं जागोजाग जमिनीत हिरीसारखी भोकं ठिवल्याली, उतरायला भितीला पाय ठिवायच्या खोबनी. त्या भोकांतनं नळाला वारं लागायचं, म्हनून त्येंला उसासे म्हनत. पानी पेठंपेठंतल्या हौदात पडायचं, बाया हंडे बुडवून न्यायच्या. खाली कोन वाकून गाळ वढतंय, ह्येचा इचार कुनी करत नव्हतं. कशाला करतील?

सायबण्णा बिदरचा. बिदर म्हंजी निजामाचा मुलूख. भाषा कानडी, माती लालभडक, दगूडबी लाल. तिकडंबी जमिनीखालनं पानी खेळवत्यात, सुरंगबावी म्हनत्यात तिला. ह्येचा आजा त्याच कामात, बाप त्याच कामात, हाबी त्याच कामात. मानूस कामाला वाघ, पर डोकं तापलं की तव्यावानी. देशमुखाच्या कारभाऱ्यानं बापाला शिवी दिली, तर ह्यानं त्येच्या पाठीत फावडं घातलं. माझं इचाराल तर बरं केलं. पर त्या दिसापासनं बिदरात पाय ठिवायची सोय ऱ्हायली न्हाई. बायको गौरव्वा पोटुशी, ती माहेरी धाडली, आन् हा वाट तुडवत पुन्याला आला. कनवटीला बिदरचा एक लाल खडा, लिंबाएवढा. बाकी काय न्हाई.

बुधवारातल्या हौदापाशी नळाच्या कामाचा कारकून बसायचा, दीनानाथपंत. पगडी सरळ, जीभ वाकडी. त्यानं सायबण्णाला वरनं खालपातूर बघितलं.

"बिदरला हेच काम करत होतास म्हणतोस. मग सोडलंस का?"

"भांडन झाला."

"कोणाशी?"

"मालकाशी."

"वा. इथे मालक मी आहे, तेवढं ध्यानात असू दे." पंतानं वही वढली. "अक्षय्य तृतीयेपर्यंत कच्ची नोकरी. तोवर एक चूक झाली नाही, तर वहीत कायम लिहीन. शिधा चालू होईल, वस्तीवर झोपडीला जागा मिळेल, मग खुशाल बायकोला आण. चूक झाली, तर आलास तो रस्ता तुझ्या पायांना पाठ आहेच."

सायबण्णानं मान हलीवली. मराठी त्येला निम्मी कळली, पर 'बायकोला आण' येवढं चांगलं कळलं.

कामावर मुकादम व्हता मच्छिंद्र, धायरीचा. कमी बोलनारा, दाढी पांढरी, नजर सदा जमिनीवर. त्येच्या हाताखाली बजरंग म्हनून एक तोंडाळ गडी, आन् आनिक चार. सायबण्णा धरून सात. पाचव्या उसाशापाशी त्येंचं ठानं. भवतीनं माळ, बाभळी, हाकंच्या अंतरावर पाच-सा झोपड्यांची वस्ती.

पयल्या दिशी मच्छिंद्रानं रीत सांगितली. खाली उतरताना आपला खडा उसाशाच्या काठावर ठिवायचा. वर आलं की आपला खडा आपुनच उचलायचा. दुसऱ्याच्या खड्याला हात लावायचा न्हाई. काठ मोकळा झाला म्हंजी खाली कुनी न्हाई, तवाच कात्रजला सांगावा द्यायचा आन् तितं शिंग फुंकून तळ्याचं दार उघडायचं. सायबण्णाला बरं वाटलं. बिदरातबी हीच रीत. परक्या मुलखात एक तरी गोष्ट घरची निघाली. त्यानं कनवटीचा लाल खडा काढून काठावर ठिवला.

"ह्यो काय रं, डाळिंब का काय?" बजरंग म्हनला.

"माझा गावचा दगड हाय."

"गावचा दगूड बगलंत घिऊन फिरतंय ह्ये कानडी आप्पा. बायकू इसरला, दगूड घिऊन आला."

सगळी हासली. सायबण्णानं फावडं घट्ट धरलं, पर उगारलं न्हाई. गौरव्वासाठी.

दिस कलल्यावर सगळी वर आली. ज्येनं त्येनं आपापला खडा उचलला. सायबण्णानं आपला घेतला. आन् बघतो तर काठावर एक खडा तसाच. काळा, चपटा, मधनं पांढरी रेघ. भवतीनं शेवाळ धरल्यालं.

"एक मानूस खाली राहिला," सायबण्णा म्हनला.

गडी हत्यारं गोळा करू लागली. बजरंगबी.

"खडा हाय की. मानूस खाली हाय."

"आपुन सात," मच्छिंद्र म्हनला. "सात वर आलो."

"मग हे कुनाचा?"

"त्यो खडा मोजायचा न्हाई."

आता तुम्हीच सांगा, बापजाद्यांनी ज्येला शिकीवलं की खडा उरला म्हंजी मानूस उरला, त्यो असं ऐकंल का? सायबण्णाचं डोकं सनकलं. त्यानं बजरंगाच्या हातातला पलिता हिसकला, लाल खडा परत काठावर ठिवला आन् उतरला खाली.

खाली गारवा. पलित्याच्या उजेडात दगडी भिती घामेजल्यावानी चमकत व्हत्या. गाळाचा वास, शेवाळाचा वास, आन् त्यात आनिक एक कसला तरी वास... ओलं धोतर चार दिस गठुळ्यात बांधून ठिवल्यावर येतो तसा. त्यो वाकून चार पावलं गेला, सहाव्या उसाशाच्या अंगाला. आन् थांबला.

खर्र...

मंग जरा गप.

खर्र... खर्र...

फावडं. दगडावरनं गाळ वढताना फावडं वाजतं तसं. सावकाश, एका लयीत, पक्क्या कामकऱ्याच्या हातचं. लांब न्हवतं. पलित्याचा उजेड जितं सपत व्हता, त्येच्या जराच पल्याड.

"यारू?" सायबण्णानं कानडीत इचारलं. कोन हाय.

फावडं थांबलं. इतकं गप झालं की त्येला सोताच्या पलित्यातलं तेल चुरचुरताना ऐकू आलं. कुनी तरी आयकत हुबं हाय, असं त्येला वाटलं. त्येच्यासारखंच वाकून.

मंग परत सुरू झालं. खर्र... खर्र...

सायबण्णा वर आला तवा त्येचं धोतर गुडघ्यापातूर वलं आन् तोंड पांढरं. मच्छिंद्रानं त्येच्या हातातनं पलिता घेतला. "आयकलंस न्हवं? मंग आता गप ऱ्हायाचं. पाचव्यापासनं सहाव्यापातूर नळ रोज सकाळी साफ घावतो. गाळ उसाशाखाली ढिगानं रचल्याला असतो. आपुन फकस्त वर वढायचा. तुझं काम हलकं हुतंय, तर तुझं काय जातंय?"

सायबण्णाचं काय जात नव्हतं.

तसे दोन म्हयने गेले. मानसाला कशाचीबी सवय हुती. पुन्याच्या भाकरीची झाली, पुन्याच्या बोलन्याची झाली. पेठंत हौदावर गेलं की बाया म्हनायच्या, "सरक रे बाबा, गाळ लागेल अंगाला," आन् त्येनं साफ केल्यालं पानी भरून न्यायच्या. त्येचीबी सवय झाली. खालच्या त्या खर्र खर्रची सुदीक झाली. दुपारी काठावर पडलं की ते ऐकत त्येला डुलकी लागायची.

येकाच गोष्टीची सवय झाली न्हाई. वस्तीवर मुक्ताबाई म्हनून एक बाई व्हती, गड्यांच्या भाकरी थापायची. चाळीशीची, कपाळाला मोठं कुकू, हातभर हिरवा चुडा. रोज तिनीसांजंला ती भाकरीचं टोपलं घिऊन यायची, आन् सायबण्णालाच इचारायची. बाकीची तिच्याकडं बघायचीबी न्हाईत.

"खडा हाय का जागंवर?"

"हाय, बाई."

"बरं." मंग ती टोपलं ठिवायची. सात जनांच्या भाकरी वायल्या आन् एक चवड फडक्यात बांधल्याली वायली. ती फडक्यातली परत घरी न्यायची. एकदा सायबण्णानं इचारलं, मालक कुटं असत्यात.

"कामावर हायती," ती म्हनली. "लई काम असतं त्येंला. येतील."

चैत लागला तवाच बिदरकडं जानाऱ्या एका बांगडीवाल्याजवळ सायबण्णानं निरोप धाडला. निरोप मिळताच निघ, तू पोचशील तवर तीज झाल्याली आसंल. झोपडीची जागा बघून ठिवली हाय. दाराम्होरं लाल माती न्हाई, पर चालंल.

आता ऐका. अक्षय्य तृतीया दुसऱ्या दिसावर आली व्हती. त्या सकाळी धायरीवरनं मच्छिंद्राला सांगावा आला की गाय अडली हाय, वासरू आडवं हाय. त्यो निघाला. गड्यांना त्यानं सहाव्या उसाशावर कामाला लावलं आन् सायबण्णाला पाचव्यावर राखनीला बसीवलं.

"खाली कुनाला सोडू नगंस," म्हनला. "आन् त्या खड्याला हात लावू नगंस. जीव गेला तरी."

पयल्यांदा मुकादमानं त्येच्यावर इस्वास टाकला व्हता. सायबण्णा काठावर मांडी घालून बसला. लाल खडा त्येच्या कनवटीला. उतरायचंच नव्हतं, तर काठावर कशाला ठिवंल.

ऊन डोक्यावर आलं. बाभळीची सावली आखडली. माळावर एक पाखरू बोलंना. खालनं खर्र... खर्र... येवढंच.

तेवढ्यात दीनानाथपंत तट्टावर बसून आला. एका सरदाराच्या वाड्यात लगीन, हजार पान उठनार, आन् हौद तळाला लागल्याला. चार दिस नळ बंद व्हता ना गाळासाठी. पंताला वरनं बोलनी बसली व्हती, ती त्येच्या तोंडावर दिसत व्हती.

"मुकादम कुठे आहे?"

"धायरीला. गाय..."

"गाय. छान. शहर तहानेनं मरतंय आणि मुकादम सुईण झालाय. इथले गडी?"

"सहाव्या उसाशावर. त्येंला हाक दिली की वर येतील."

"ते इथलेच होय? मी तिकडूनच आलो. सगळे वर बसून तंबाखू मळताहेत. म्हणजे इथला उसासा रिकामा असेल, तर कात्रजला शिंग वाजवायला सांगतो. रिकामा आहे?"

सायबण्णानं काळ्या खड्याकडं बघितलं. पंताची नजर काठावर गेली.

"मग हा खडा कोणाचा?"

"हे... मोजायचा न्हाई."

"मोजायचा नाही." पंत हासला, पर नुसत्या ओठानं. "मी वहीत काय लिहू? एक खडा आहे, पण तो मोजायचा नाही, असं बिदरच्या पंडितांचं मत आहे? खाली माणूस आहे की नाही, एवढंच सांग. असेल तर दार उघडत नाही, आणि वाड्यावर जाऊन तुझं नाव सांगतो. नसेल तर काठ साफ कर. उद्या तृतीया आहे, आठवतंय ना?"

खालनं आवाज येत व्हता. खर्र... खर्र... पंताला ऐकू येत नव्हतं, का ऐकायचं नव्हतं, देव जानं. सायबण्णाला येत व्हतं. त्येच्या बापानं त्येला शिकीवल्यालं सगळं त्येला आठवत व्हतं. आन् गौरव्वा एव्हाना निघाली आसंल, पोट घिऊन, चालत, ह्येबी आठवत व्हतं.

"बोल. कोणी आहे खाली?"

"न्हाई," सायबण्णा म्हनला. "कुनी न्हाई."

आन् त्यानं त्यो काळा खडा उचलला. उचलताना त्यो दगडाला चिकाटल्याला सुटला, सालपाट निघाल्यावानी. बर्फावानी गार. सायबण्णानं त्यो कनवटीला खवला. लाल खड्यावर त्यो टक्कन वाजला.

"आता कसं," पंत म्हनला आन् तट्टाला टाच मारून कात्रजच्या वाटंला लागला.

तट्टाच्या टापा लांब गेल्या. सायबण्णा हुबा ऱ्हायला. कायतरी कमी झालं व्हतं, पर काय ते त्येला उमगंना. मंग उमगलं.

फावडं थांबलं व्हतं.

दोन म्हयन्यांत पयल्यांदा. खालनं वारं यायचं तेबी बंद. उसासा म्हंजी नुसतं काळं तोंड, श्वास कोंडून धरल्यालं. आन् मंग तळातनं पान्यात पाय पडल्याचा आवाज आला. चपक... चपक... भितीपाशी येऊन थांबला. जरा गप. मंग दगडावर हाताचा पंजा पडावा तसं, वलं. एक खोबनी. दुसरी खोबनी. कुनीतरी वर येत व्हतं. सावकाश, लई दिसांनी सुटल्या मानसासारखं, एकेक खोबनी चाचपत.

सायबण्णाला पळायचं व्हतं. पर त्यो उसाशाच्या तोंडाकडं बघत ऱ्हायला. तितं कुनी न्हवतं. पर काठाच्या तापल्या दगडावर एक वला पंजा उमटला. मंग दुसरा. बोटं फाकल्याली, गाळानं काळी. मंग गुडघ्याचा डाग. मंग पाऊल. त्यो वास त्येच्या तोंडावरनं गेला, धोतर कुजल्यावानी, इतका जवळनं की सायबण्णाच्या गालाला गारवा लागला. वली पावलं काठावरनं उतरली आन् धुळीतनं चालत गेली. वस्तीकडं. भर दुपारी, उन्हात. एक पाऊल वाळलं न्हाई.

गडी सहाव्याकडनं आले तवा त्यो तसाच हुबा व्हता. बजरंग शिव्या देत आला, "आरं, पंतानं काय शिंग वाजवायला..." आन् काठाकडं बघून थांबला.

"खडा कुटं हाय?"

सायबण्णानं कनवटीला हात लावला. बजरंग मागं सरला.  त्या पावलांकडं त्यानं बघितलं, आन् खाली बसला.

मच्छिंद्र धायरीवरनं आला तवा हात कोपरापातूर रगतानं माखल्याले, वासरू जगल्यालं. त्येला कुनी काय सांगावं लागलं न्हाई. त्यानं काठ बघितला, पावलं बघितली. सायबण्णाला वाटलं आता त्यो मारील. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तीन वर्सं झाली," मच्छिंद्र हळू म्हनला. "असंच लगीन व्हतं. असाच पंत आल्याला, ह्येच्या आदीचा. संभाजी खाली व्हता, मुक्ताचा नवरा. त्येचा खडा काठावर व्हता, मला दिसत व्हता. पंतानं इचारलं, कुनी हाय का खाली. मी म्हनलं... न्हाई. म्हनलं, पानी यायच्या आत हाक मारून वर घिऊ. पानी लवकर आलं." त्यानं तोंड पुसलं, रगत गालाला लागलं. "प्रेत घावलं न्हाई. खडा मी उचलला न्हाई. दुसऱ्या दिसापासनं खालनं फावडं ऐकू याय लागलं. मी वहीत त्येला कामावर दावला. मुक्ताचा शिधा चालू ऱ्हायला, कुकू ऱ्हायलं. खडा जागंवर हाय तवर त्यो कामावर हाय. तू त्येला सुट्टी दिलीस, सायबण्णा."

"मी... परत ठेवतो की."

"कुटं ठिवतोस? त्यो वर आला. आता खाली कोन हाय?"

 सगळी त्या पावलांच्या मागनं वस्तीकडं गेली. पावलं मुक्ताबाईच्या उंबऱ्यापातूर व्हती. तितनं पुढं आत. दार लावल्यालं. आतनं चूल पेटल्याचा धूर, आन् ताटाचा आवाज. मुक्ताबाई हळू आवाजात बोलत व्हती, लहान लेकराला भरीवताना बोलत्यात तसं. "घ्या की आनिक. कवापासनं उपाशी..."

"मुक्ते," मच्छिंद्र म्हनला. "दार उघड."

आतलं बोलनं थांबलं. जरा येळानं ती दाराच्या मागं आली. फटीतनं तिचा हिरवा चुडा तेवढा दिसला.

"मालक आल्यात," ती म्हनली. आवाज लई सुखी. "दमल्यात. आता ते कामाला येनार न्हाईत."

"मुक्ते, आयक..."

"त्येंच्या जागी दुसरा मानूस बघा, म्हनत्यात."

सायबण्णानं कनवटीचा खडा काढला आन् उंबऱ्यावर ठिवला. मुठीत धरवत नव्हता, येवढा गार. दाराखालच्या फटीतनं एक हात आला. मुक्ताबाईचा न्हवं. नखं गाळानं भरल्याली, कातडी लई दिस पान्यात ऱ्हायल्यावानी पांढरी, सुरकुतल्याली. त्यानं खडा चाचपला, वळीखला, आन् आत वढून घेतला.

तवाच कात्रजच्या बाजूनं शिंग वाजलं. तळ्याचं दार उघडलं.

सायबण्णानं परत कनवटीला हात घातला. लाल खड्यासाठी. बिदरचा खडा मुठीत धरला म्हंजी त्येला धीर यायचा. कनवट मोकळी व्हती. नुसती वली.

त्यो पळत सुटला. मागनं बाकीची. पाचव्या उसाशाच्या काठावर, जितं काळा खडा व्हता तितंच, त्याच शेवाळाच्या गोलात, लाल खडा ठिवल्याला. त्यानं ठिवला नव्हता. आज त्यो उतरलाच नव्हता. त्यानं झडप घालून खडा उचलायला बघितलं. हालंना. दोन्ही हातांनी वढला. दगडातनंच उगावल्यावानी बसला व्हता.

"बजरंग, धर की रे," त्यो म्हनला. "मला निघंना हे."

बजरंग उसाशात बघत व्हता. खालनं पानी आलं. आदी वारं, मंग गडगडाट, मंग सगळा नळ भरून वाहू लागला. काठ थरथरला. पानी पुढं पेठंकडं निघून गेलं, वाड्यातल्या लग्नाकडं.

मच्छिंद्रानं मानसं मोजायला बोट वर केलं. पानी सोडलं की मोजायचीच, ही रीत.

"बजरंग, एक." बोट सरकलं. दोन. तीन. चार. पाच. आन् मंग सोताच्या छातीवर. "सहा."

"मी हाय की हितं," सायबण्णा म्हनला.

मच्छिंद्रानं परत मोजलं. बोट त्येच्या तोंडावरनं गेलं, जशी मोकळ्या जागंवरनं नजर जाती तसं. "सहा," म्हनला. त्येच्या डोळ्यांत पानी व्हतं.

"मच्छिंद्रा... अरे मी हितं हुबा हाय की..."

बजरंगानं डोक्याचं मुंडासं काढलं. लाल खड्याकडं बघत म्हनला, "त्येची बायकू वाटंत आसंल. तिला काय सांगायचं?"

"कामावर हाय म्हनून सांगायचं."

सायबण्णानं खाली बघितलं. उन्हानं दगूड फुटायला आला व्हता, आन् त्येच्या पायाखाली पानी व्हतं. घोट्यापातूर. मंग गुडघ्यापातूर. गार. त्येच्या हातात कवा आलं त्येला ठावं न्हाई, पर फावडं व्हतं. दांड्याला कुनाच्या तरी मुठीचा वलावा अजून तसाच.

दुसऱ्या दिशी तृतीया. दीनानाथपंतानं सबूद पाळला. बुधवारातल्या हौदापाशी बसून वहीत लिवलं: सायबण्णा बिदरकर, कायम. वाड्यातलं लगीन झकास झालं, पानी पुरून उरलं.

गौरव्वा पंधरा दिसांनी आली. झोपडी मिळाली, शिधा मिळाला. लेक झाली. भाकरी थापायचं काम मुक्ताबाईनं सोडलं व्हतं. तिचं दार दिवसा उघडत नव्हतं, आन् तिच्या घराकडं कुनी फिरकतबी नव्हतं. मंग ते काम गौरव्वानंच धरलं. तिला मराठी येत नव्हती. मुकादमानं एकच वाक्य शिकीवलं, तेवढं ती रोज तिनीसांजंला टोपलं घिऊन काठावर येऊन म्हनायची. खडा हाय का जागंवर.

हाय, गडी सांगायचे. खाली बघून.

नळ पाचव्यापासनं सहाव्यापातूर अजून रोज सकाळी साफ घावायचा. गाळ उसाशाखाली नीट रचल्याला. फकस्त एकच झालं, ते कशानं, कुनाला कवा कळलं न्हाई, आन् मलाबी इचारू नगा. कात्रजपासनं पुन्यापातूर कुटंबी खना, माती काळी, दगूड काळा. पर त्या दिसापासनं पाचव्या उसाशातनं गाळाची जी पाटी वर यायची, ती लाल असायची. बिदरच्या मातीवानी. लालभडक.